लाकडी भिंत

हात वर गेलेला मला आधी दिसला आणि तो माझा आहे हे नंतर कळलं. रविवारची दुपार, अडीचचा सुमार. मराठी शाळेसाठी अमेरिकेतल्या वूस्टर गावात एका चर्चच्या तळघरातली लांबट खोली आम्हाला मिळते. भिंतीला टेकवलेली घडीची टेबलं, कॉफीचा शिळा वास, आणि छताजवळच्या अरुंद खिडकीतून दिसणारी रस्त्यावरच्या माणसांची नुसती पावलं. समोर अकरा मुलं, दहा ते तेरा वयाची, घरी मराठी ऐकणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. त्यांच्या शाळेत यंदा प्राचीन ग्रीस आहे, म्हणून मी म्हटलं होतं की तीच गोष्ट मी मराठीत सांगतो, शब्द आपोआप येतील. पर्शियाचा सम्राट झेर्क्सिस समुद्रावर होड्यांचा पूल बांधून ग्रीसवर चालून येतोय. अथेन्सचे लोक घाबरून देवाला कौल लावतात. देव सांगतो, सगळं जळून जाईल, लाकडाची भिंत तेवढी टिकेल. इथे मी थांबतो. धुळ्याच्या शाळेत चौतीस वर्षं मी इथेच थांबत आलो. खडू खाली ठेवायचा, हात झटकायचे आणि विचारायचं, लाकडाची भिंत म्हणजे काय? थेमिस्टोक्लीस नावाचा पुढारी म्हणतो, भिंत म्हणजे आपली जहाजं, तेव्हा शहर सोडा आणि जहाजांत चढा. काही म्हातारे म्हणतात, भिंत म्हणजे भिंत, गडाला फळ्यांचं कुंपण घालू आणि आत राहू. तुम्ही अथेन्सचे नागरिक आहात, मत द्या. पुढे काय झालं ते मत दिल्यावर सांगेन.

"बोट्स," नकुल म्हणाला. "ऑब्व्हियसली बोट्स."

"मराठीत."

"जहाजं. ऑब्व्हियसली."

"पण सर, बोट इज नॉट अ वॉल," प्रीता म्हणाली. "देव असं का बोलतो? स्ट्रेट सांगायचं ना."

"देवांना तशी सवय नसते," मी म्हटलं.

आठ मतं जहाजांना पडली, तीन भिंतीला. मी फळ्यावर आकडे लिहिले आणि पुढे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून अदिती बोलली. अदिती माझी नात, अकरा वर्षांची. वर्गात ती मला ओळखत नसल्यासारखी बसते. "आजोबा, यू डिडन्ट व्होट."

"शिकवणारा मत देत नसतो."

"व्हाय नॉट? तुम्ही अथेन्समध्ये राहत नाही?"

मुलं हसली. मीही हसलो आणि म्हटलं, बरं बाई, देतो. गड कुणाला, असं मीच विचारलं आणि त्याच क्षणी उजवा हात वर गेला. जहाजांसाठी थांबलाच नाही. नकुल म्हणाला, "बट सर, तुम्हाला तर एन्ड माहीत आहे." प्रीतानं त्याला कोपर मारलं. तो कळवळून म्हणाला, "व्हॉट? दॅट मीन्स ही डाइज." अदिती माझ्या हाताकडे बघत होती आणि मी हात खाली घ्यायचं विसरलो होतो.

धुळ्याला या जागी वर्ग हसायचा. त्याची एक पद्धत होती. मतं मोजून झाली की मी टेबलाखालची फळी पाठीवर घ्यायचो, कमरेत वाकायचो आणि पुटपुटत खोलीभर फिरायचो, म्हणजे घराचं दार उपटून गडावर घेऊन जाणारा अथेन्सचा म्हातारा. "माझं दार, माझं दार," असं बोळक्या तोंडानं म्हणायचो. मुलं बाकांवर लोळायची. शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन बघून जायचे. माझे विद्यार्थी आज पन्नाशीला आलेत. त्यांना सनावळी आठवत नाही, झेर्क्सिसही आठवत नाही, तो म्हातारा आठवतो. हशा ओसरला की त्या म्हाताऱ्यांचा शेवट मी अर्ध्या मिनिटात सांगून टाकायचो, कारण पुढे सलामिसच्या बेटापाशी जहाजांनी जिंकलेली लढाई होती आणि तिच्यावर पाच गुणांचा प्रश्न यायचा. देवळाचे सेवेकरी, घरात काहीच नसल्यामुळे जाऊ न शकलेली गरीब माणसं आणि ज्यांना कुणी नेलं नाही असे वृद्ध. त्यांनी दारं आणि फळ्या रचल्या. शत्रूनं समोरच्या टेकडीवरून पेटते बाण मारले. लाकूडच ते, जळलं. तरी ते शरण गेले नाहीत, वरून धोंडे लोटत राहिले. मग एका कड्याकडून, जिथून कुणी चढेल असं त्यांना वाटलं नव्हतं, शत्रू वर आला. एवढंच. आज फळी पाठीवर घ्यायची इच्छा झाली नाही. तळघरात फळी नव्हतीही. इथली टेबलं प्लास्टिकची आहेत. मी म्हटलं, राहिलेलं पुढच्या रविवारी. मुलं दप्तरं आवरायला लागली तेव्हा अदितीनं विचारलं, "पण मुलं कुठे गेली? ग्रीक मुलं?" मी म्हटलं, त्यांना दुसऱ्या गावी पाठवलं. "मग शाळेचं काय?" चौतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. धुळ्याची मुलं विचारायची, जहाजं किती होती, आणि मी आकडा सांगायचो, आणि ती वहीत लिहून घ्यायची.

परीक्षित गाडी घेऊन आला. माझा मुलगा. अठरा वर्षांपूर्वी शिकायला आला आणि इथलाच झाला. श्रूजबरीला त्यांचं घर आहे. वूस्टर आणि श्रूजबरीच्या मधे एक लांबलचक तळं पडतं, त्याच्यावरच्या पुलावरून जावं लागतं. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या, कारण खाली वल्हवण्याच्या शर्यती चालल्या होत्या. ऑक्टोबरातलं ऊन, तळ्याच्या दोन्ही काठांवर लाल-पिवळी झालेली झाडं, आणि मधून सुतासारख्या बारीक होड्या सरकत होत्या. एकेका होडीत आठ जण, आठ पाठी एकदम वाकत होत्या आणि एकदम सरळ होत होत्या. मी काच खाली केली. पाण्यावरून आवाज येत होता, वल्ही पाण्यात पडल्याचा, लांबून कणीक मळल्यासारखा. बराच वेळ बघितल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं आणि काय चुकतंय ते कळेना. मग कळलं. होडी जिकडे जात होती तिकडे त्या मुलांची पाठ होती. आठही जण मागे तोंड करून बसले होते. पुढचं बघणारी एकच, टोकाला त्यांच्यासमोर बसलेली बारकी मुलगी. ती ओरडून त्यांना वेग सांगत होती.

"हे उलटे का बसलेत?" मी विचारलं.

"उलटे नाही बाबा, असंच बसतात. रोइंग आहे ना, ओढावं लागतं. तोंड मागेच असतं." परीक्षितनं आरशात बघितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. धुळ्यात कोण वल्हवतो? पांझरा नदीला वर्षातले आठ महिने गुडघाभरही पाणी नसतं. सलामिस शिकवताना मी मुलांच्या हातात फूटपट्ट्या द्यायचो. बाक म्हणजे जहाज. तीन रांगा, एकशे सत्तर वल्हवणारे, आमचे पंचावन्न. एक, दोन, एक, दोन, सगळी फळ्याकडे तोंड करून, माझ्याकडे बघत, शत्रूवर चालून जायची. केवढं जोरात वल्हवायची. चौतीस वर्षं मी सगळ्या अथेन्सला चुकीच्या बाजूला तोंड करून बसवलं. आणि आता त्या पुलावर, पुढची गाडी हलत नसताना, मला ते सगळं वळून बसलेलं दिसायला लागलं. शहर सोडून निघालेली जहाजं, आणि वल्हवणारा प्रत्येक माणूस शहराकडे बघत. पाठ सलामिसकडे. जितकं जोरानं ओढावं तितकं शहर लांब जातं आणि तितकाच वेळ ते डोळ्यांसमोर राहतं. गड, त्याच्यावरची फळ्यांची रेघ, मग धूर. पुढे काय आहे ते त्यांना दिसत नाही. अठरा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर परीक्षित आत गेला तेव्हा मागे वळून बघितलं नाही, हे मी सुलभाला, माझ्या बायकोला, कितीतरी वेळा बोलून दाखवलं होतं. ती म्हणायची, रांगेत होता हो तो, ढकलत होते लोक. मी मानलं नाही. सुलभा जाऊन आता तीन वर्षं झाली आणि मी त्याच्या शेजारी बसलोय, आणि अठरा वर्षं हाच दर शनिवारी रात्री, म्हणजे आमच्या रविवारी सकाळी, ठरल्या मिनिटाला फोन करत आला.

"बाबा, आज त्या ग्रीन कार्डच्या अर्जावर सही करून टाका," तो म्हणाला. "उद्या सकाळी पाठवतो मी."

"हं."

"एकदा फाइल केलं की कार्ड येईपर्यंत देशाबाहेर जायचं नाही. म्हणजे अठ्ठावीस नोव्हेंबरचं तिकीट कॅन्सल करावं लागेल. आज केलं तर बरं."

"कार्ड यायला किती दिवस?"

"वर्ष धरा. जास्तच."

"आणि घर?"

"सुशांत बघतोय ना. चावी त्याच्याकडेच आहे."

मागच्या सीटवर अदिती कानांत काहीतरी घालून बसली होती, पण आरशात तिचे डोळे मला दिसले. ती ऐकत होती. गाड्या हलल्या. तळं मागे गेलं आणि मी, पुढे तोंड करून बसलेला, मान वळवून बघत राहिलो.

धुळ्याला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, शिक्षक कॉलनीत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सुलभा गेल्यावर मी दाराला आतून एक आडवी फळी बसवून घेतली. कडी होती, साखळी होती, वर ही फळी. सुशांत खालीच राहतो, इलेक्ट्रिकचं दुकान आहे त्याचं, माझाच विद्यार्थी, तो म्हणाला होता, "सर, गड बांधताय का?" मी हसलो होतो. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दूध मंद गॅसवर ठेवून मी न्हाणीत गेलो आणि पडलो. कमरेत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच आवाज झाला नाही. आठ वाजता फोन वाजला. बाहेरच्या खोलीत, टेबलावर. थांबला. पुन्हा वाजला. मी फरशीवर गाल ठेवून ऐकत होतो. किती वेळा वाजला ते मी मोजलं नाही, पण दोन वाजण्यांमधली शांतता दर वेळी लहान होत गेली, एवढं आठवतं. फोनमधल्या त्या यंत्राच्या आवाजात पोराचा आवाज कसा येऊ शकतो, कळत नाही, पण येत होता. मी आत होतो, दार आतून बंद होतं, आणि माझ्या मुलानं समुद्रापलीकडून शहराचं दार ठोठावत राहावं तसं चाललं होतं. सुशांत त्या दिवशी लग्नाला शिरपूरला गेला होता. परीक्षितनं त्याला तिथे फोनवर गाठलं, आणि दुपारी अडीचला तो आणि एक सुतार वर आले. कडी लवकर तुटली, साखळीही. फळी तुटायला वीस मिनिटं लागली. दूध आटून, करपून पातेलं काळं झालं होतं. सिलिंडर संपला म्हणून वाचलात सर, असं सुशांत अजून सांगतो. मला स्ट्रेचरवरून नेताना माझं डोकं मागे होतं आणि पाय पुढे, म्हणून मला घर दिसलं नाही. छत दिसलं, मग चौकटीला लटकणारा फळीचा अर्धा तुकडा, मग जिन्याचा दिवा. परीक्षित दुसऱ्या दिवशी पोचला. दवाखान्यातून सुशांतच्या घरी, तिथून मुंबई, तिथून इथे. माझी बॅग त्यानंच भरली. वरच्या मजल्यावर मला कुणी नेलं नाही. जिने चढायला डॉक्टरांनी बंदी केली होती.

घरी आल्यावर सूनबाईनं, यामिनीनं, ताट वाढलं. ती नागपूरची. स्पष्ट बोलते आणि मला ते आवडतं. परीक्षित गॅरेजमध्ये काहीतरी शोधत होता, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "बाबा, एक सांगू का? राहा तुम्ही. तुमच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. तुम्ही तिकडे असलात की हा माणूस फोन उशाशी घेऊन झोपतो. त्या रात्री तो जिन्यात बसला होता. सगळी रात्र. मी चहा दिला तर कप हातात तसाच."

"मला बोलला नाही तो."

"तुमचाच मुलगा आहे," ती म्हणाली. "भात घ्या अजून."

जेवून मी माझ्या खोलीत आडवा झालो. खिडकीबाहेर एक मेपलचं झाड आहे, त्याचा पिवळा उजेड दुपारी छतावर पडतो आणि हलतो, आणि पाण्याखालून वर बघितल्यासारखं वाटतं. डोळे मिटले की अजून पुलावरच्या पाठी दिसत होत्या, वाकणाऱ्या आणि सरळ होणाऱ्या. मग बाक दिसले. आठवी ब. पंचावन्न मुलं फळ्याकडे पाठ करून बसली होती आणि फूटपट्ट्यांनी वल्हवत होती, आणि मी मागच्या भिंतीपाशी उभा होतो, त्यांच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि वर्ग माझ्यापासून लांब लांब जात होता. त्यांच्या चेहऱ्यांवर हसू नव्हतं, रडूही नव्हतं. प्रश्नपत्रिका लक्षपूर्वक वाचावी तसे ते मला बघत होते. पहिल्या रांगेत परीक्षित होता, तेवीस वर्षांचा, नव्या कोऱ्या जॅकेटमध्ये. मी हात वर केला. मला वाटलं, निरोपाचा. पण तो मत देण्याचा होता. माझ्या पाठीवर दार होतं, खरं, सागवानी, कडीसकट, आणि ते अजिबात जड नव्हतं, कारण दुसऱ्या टोकाला सुलभानं धरलं होतं. ती म्हणत होती, "अहो, हे कुठे ठेवायचं ते तरी ठरवा. दुपार होत आली." मी म्हटलं, गडावर. ती म्हणाली, "गडावर कशाला? माणसं गेली. आपण आपलं आवरून घेऊ आणि निघू. डबे तसेच आहेत." ती नेहमीच्या सुरात बोलत होती, सहलीला निघताना बोलायची तशी, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी दार खाली ठेवायला तयारच नव्हतो. कुठेतरी फोन वाजत होता. ती म्हणाली, "घ्या ना तो." मी म्हटलं, हात मोकळे कुठे आहेत?

अदितीनं खांद्याला हात लावून उठवलं. तिच्याकडे तिचा टॅबलेट होता. "आजोबा, आय फाउंड इट. मुलं." ती पलंगाच्या कडेला बसली आणि वाचून दाखवायला लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं माझ्यासाठी अडखळत मराठीत. अथेन्सच्या बायका-मुलांना समुद्रापलीकडच्या ट्रोझेन नावाच्या गावानं ठेवून घेतलं. गावानं सभा घेतली, मत दिलं. ठराव असा की यांना रोजचा खर्च गावानं द्यायचा. आणि मुलांनी कुणाच्याही झाडाची फळं तोडली तरी चालेल. "एनीवन्स ट्री," ती म्हणाली. "आणि हे ऐका. दे पेड फॉर टीचर्स. त्या मुलांसाठी. टीचर्स ठेवले."

मी उठून बसलो. ही ओळ मला माहीत होती. तरुणपणी एका जाड पुस्तकात कधीतरी वाचली होती, आणि अभ्यासक्रमात नाही म्हणून सोडून दिली होती. घरं जळतायत, नवरे लढायला गेलेत, आणि एक परकं गाव सभा घेऊन ठरवतंय की पाहुण्यांच्या पोरांची शाळा बुडू नये. कोण असतील ते मास्तर? कुठल्यातरी ओसरीत, दुसऱ्यांच्या झाडांची फळं खाणाऱ्या मुलांसमोर उभे राहून त्यांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल?

"बट देअर इज अ सॅड पार्ट," अदिती म्हणाली. "लिहिलंय की काही खूप म्हातारे लोक मागे राहिले. लोकांना वाईट वाटलं. दॅट्स ऑल. एकच सेंटेन्स." तिनं टॅबलेट मिटला. "आजोबा, ते फुलिश होते का?"

"मी मुलांना तसंच सांगत आलो."

"पण तुम्ही त्यांना व्होट दिलं."

"हो."

"बिकॉज यू वॉन्ट टू गो बॅक." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बाबा म्हणतो तुम्ही राहणार. मॉम पण म्हणते. तुम्हाला कुणी विचारलंच नाही ना?"

मुलाला खोटं सांगायचं नाही, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, हे मी नव्या शिक्षकांना शिकवायचो. मी म्हटलं, "मला अजून कळलेलं नाही, बाळा. विचार करतोय."

"ओके," ती म्हणाली. "पण टुडे आहे हं ते. मी ऐकलं कारमध्ये." आणि निघून गेली.

मी तसाच बसून राहिलो. छतावरचा पिवळा उजेड भिंतीवर उतरला होता. मला मरायला तिकडे जायचं आहे का? नाही. हे स्वतःला विचारल्यावर उत्तर लगेच आलं, त्यामुळे मी थोडा चकितच झालो. मला या पोरीला मोठी होताना बघायचं आहे. त्या तळघरातल्या अकरा मुलांना मला वळून बसवायचं आहे, पाठ सलामिसकडे. मग हात का गेला वर? त्या म्हाताऱ्यांचा मी पुन्हा एकेक करून विचार केला, चौतीस वर्षांत केला नव्हता इतका सावकाश. त्यांच्यातला एखादा असा असेल की ज्याला कौल बरोबर समजला होता. जहाजं म्हणजेच भिंत, हे त्याला पटलंही असेल. पण आठ दिवसांत शहर रिकामं करा असा हुकूम निघाला, आणि त्याचं आवरून झालं नसेल. बायकोच्या हातचं काहीतरी उतरवायचं राहिलं असेल. शेजारी म्हणाले असतील, चला, उचलून नेतो. उचलून नेलं तर माणूस बोटीत जातो. पण तो निघालेला नसतो. माझंही तेच झालं होतं. मी धुळ्याहून निघालोच नव्हतो, मला नेलं होतं, पाय पुढे करून. चार महिने मी या खोलीत राहत होतो आणि रोज सकाळी जागं होताना मला करपलेल्या दुधाचा वास येत होता.

सहा वाजता परीक्षितनं हाक मारली. जेवणाच्या टेबलावर कागद नीट मांडलेले होते; सही जिथे करायची तिथे त्यानं पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि माझ्या बाजूला पेन ठेवलं होतं. यामिनी ओट्यापाशी भाजी चिरत होती. अदिती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुस्तक उघडून बसली होती आणि वाचत नव्हती.

"मी आत्ता सही करत नाही," मी म्हटलं.

परीक्षितनं खुर्चीला पाठ टेकली. "मला वाटलंच होतं."

"ऐकून तरी घे."

"काय ऐकायचं, बाबा? तिकडे कोण आहे तुमचं? सुशांत? त्या दिवशी तो शिरपूरला होता. पुन्हा असेल." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्हाला नाही माहीत. इथे बसून नुसती रिंग ऐकायची. तुम्हाला खरंच नाही माहीत."

"मी ऐकत होतो," मी म्हटलं. "मला शुद्ध होती. प्रत्येक वेळी ऐकत होतो."

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. पडल्या पडल्या शुद्ध हरपली, असं सगळ्यांना सांगितलं होतं. यामिनीची सुरी थांबली. परीक्षित टेबलाकडे बघत राहिला, आणि मला त्याचा चेहरा इयत्ता चौथीतला दिसला, गणित चुकलं की मान खाली घालून बसायचा तेव्हाचा. मी त्याला वेळ दिला. मुलांना वेळ द्यावा लागतो.

"मला इथे यायचं आहे," मग मी म्हटलं. "जूनमध्ये येतो. तेव्हा हे सगळं भर, मी डोळे मिटून सही करतो. पण मला तिकडून निघायचं आहे, परीक्षित. माझ्या पायांनी. घर आवरायचं आहे. तुझ्या आईनं डब्यांवर नावं लिहून ठेवलीत, ते मी रिकामे करणार. नकाशे शाळेला देणार. खालच्या-वरच्यांना सांगणार, निघतो म्हणून."

"ते सुशांत करेल."

"सुशांतनं दार तोडलं. ते मला जमलं नसतं. पण कुलूप मलाच लावलं पाहिजे."

"आणि जूनमध्ये म्हणाल, पावसाळा होऊ दे. मग दिवाळी होऊ दे."

"तसं होऊ शकतं," मी म्हटलं. "तसं झालं तर तू रागाव."

"आत्ताच रागावून घे रे," यामिनी ओट्यापासून म्हणाली. "तेव्हा तुला फोनवरून नीट रागावता येत नाही." मग माझ्याकडे वळून, सुरी हातात तशीच, "आणि बाबा, आतून कडी लावायची नाही. फळी तर नाहीच. सुशांतभाऊंकडे एक चावी, आणि रोज सकाळी त्यांनी वर येऊन चहा प्यायचा. रोज. मी त्यांना फोन करून विचारणार आहे."

"कबूल," मी म्हटलं.

परीक्षितनं पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तो हो म्हणेल की नाही मला कळत नव्हतं, आणि तो नाही म्हणाला असता तर मी सही केली असती, हेही त्या क्षणी मला कळलं. त्याच्या त्या रात्रीवर मात करील असं माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "जानेवारीत तूही ये. आठ दिवस."

"मी कशाला?"

"तुझं कपाट आहे. आतल्या खोलीतलं, हिरवं. तू गेलास तेव्हा बंद केलंस ते तसंच आहे. तुझ्या आईनं वरची धूळ पुसली, दार उघडलं नाही. मीही नाही उघडणार."

"त्यात काही नसेल आता."

"असेल किंवा नसेल. ते तू बघायचं."

अदिती पायरीवरून म्हणाली, "कॅन आय कम?" तिला कुणी नाही म्हटलं नाही.

परीक्षितनं कागद गोळा केले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. मग फोन घेतला आणि जानेवारी महिना उघडला. त्या चौकोनांकडे तो इतका वेळ बघत बसला की मला वाटलं, त्याला दुसरंच काहीतरी दिसतंय. कदाचित जिना, कदाचित खोलीतली पश्चिमेची खिडकी, संध्याकाळी तिच्यातून कॉलनीचं मैदान दिसायचं. भाजी फोडणीला पडली.

"आठ दिवसांत नाही होणार, बाबा," तो म्हणाला. "दहा लागतील."